पाण्यावरचें घर आणि चाकांवरचें घर

बीड जिल्ह्यांत होडीनें प्रवास करावयाचा, असें कोणी म्हटलें तर बालाघाटाच्या माथ्यावरील शेतकरी हंसेल. आणि त्याचें हंसणें वावगें ठरणार नाहीं. ज्या मुलखांत वैशाख सरतां सरतां माणसांस व गुरांस प्यावयाचें पाणी पुरत नाहीं, तेथें पाण्यावर घर तरंगवावयाचें कोठून? तथापि या जिल्ह्यास कालव्यांची ओळख नाहीं, असें मात्र नव्हे. बीड शहराजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकांतील आहे. त्या विहिरीचें पाणी भुयारी पाटांनीं शेतांकडे नेलेलें आहे. म्हणजे येथला जुना, नामांकित कालवा जमिनीच्या पोटांतून वाहतो. पुढें गोदावरीवर पैठणजवळ जायकवाडीचें धरण झालें. १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें उद्घाटन. त्याचा उजवा कालवा १३२ किलोमीटर लांबीचा असून तो गेवराईच्या बाजूनें माजलगांवच्या जलाशयाकडे येतो. पण त्यावरही नाव चालत नाहीं. तो कालवा खोदला आहे पिकांसाठीं. त्याला पाणी सुटतें तें आवर्तनानें. आवर्तन संपलें कीं तळाचा गाळ उघडा पडतो. कोरड्या कालव्यांत नाव कशी चालावी?

हीच गोदावरी पुढें आंध्रांत उतरून समुद्राजवळ सपाट प्रदेशांत पोंचते, तेव्हां चित्र पालटतें. धवळेश्वरम् येथें आर्थर कॉटन या इंजिनियरानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंधारा घातला आणि तेथून काढलेले कालवे पाणी पुरवीत तसेच नावाही वाहून नेत. उत्तरेकडे १८५४ सालीं खुला झालेला गंगेचा कालवाही शेती आणि नौकानयन अशा दुहेरी हेतूनें बांधलेला होता. म्हणजे कालव्यांतून होडीनें जाणें ही गोष्ट हिंदुस्थानास परकी नव्हे. परंतु आपलें घर, आपली चूल आणि आपलीं मुलें घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें कालव्याच्या वाटेस लागलीं आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच राहिलीं, अशी कथा ऐकावयाची तर इंग्लंडांत जावें लागतें. आणि ती कथा ऐकून परत आल्यावर बीड जिल्ह्यांतील एका प्रवासाचा अर्थ अधिक स्पष्ट उमगतो. त्या प्रवासांत होडी नाहीं, बैलगाडी आहे. पण कालवा आहे, फिरतें घर आहे, आणि बापाच्या शेजारीं बसलेलें मूलही आहे.

इंग्लंडांतील कालव्यांच्या युगाचा आरंभ १७६१ सालीं झाला असें मानितात. ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या मालकीच्या वर्स्ली येथें कोळशाच्या खाणी होत्या. त्या खाणींचा कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठीं कालवा खोदला गेला. जेम्स ब्रिंडले हा त्याचा प्रमुख कारागीर. खडबडीत रस्त्यावर घोड्याच्या पाठीवरून जें ओझें जाई, त्याच्या कितीतरी पट ओझें तोच घोडा कांठानें चालत पाण्यावरून ओढूं शके. मँचेस्टरांत कोळसा स्वस्त झाला, आणि पाहतां पाहतां साऱ्या देशभर कालव्यांचें जाळें पसरलें. मध्य इंग्लंडचा प्रदेश उंचसखल असल्यामुळें तेथें पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागल्या. पुढें एक दार व मागें एक दार अशा हौदांत नाव शिरते. मागचें दार लावून हौदांत पाणी सोडलें कीं नाव आपोआप वर उचलली जाते, मग पुढचें दार उघडावयाचें. यास तेथें लॉक म्हणतात. खर्च वांचविण्यासाठीं हे हौद सुमारें सात फूट रुंदीचे बांधले गेले. त्यामुळें त्यांतून जाणारी नावही सात फुटांहून रुंद असून चालेना. लांबी मात्र सत्तर फूट. एखाद्या शाळेच्या लांबट वऱ्हांड्यासारखी ही नाव. तिच्यांत पंचवीस टनांच्या आसपास माल मावे.

आरंभीं नावाडी एकटा किंवा एखादा नोकर घेऊन जाई. त्याचें बिऱ्हाड गांवीं असे. पुढें १८३० ते १८५० च्या दरम्यान आगगाडीचे रूळ सर्वत्र पसरले. मालधन्यांनीं भाडीं उतरविलीं, नावाड्याची मिळकत आटली. नोकराचा पगार परवडेना आणि घराचें भाडेंही परवडेना. तेव्हां त्यानें दोन्ही प्रश्नांचें एकच उत्तर काढलें : घर सोडलें, आणि बायकोपोरांस नावेवर आणलें. नोकराची जागा बायकोनें घेतली. घोड्यामागें चालण्याचें काम मुलानें घेतलें. नावेच्या शेवटास सुमारें दहा फूट लांबीची एक खोली असे. तिच्यांतच शेगडी, तींतच कपाट. कपाटाचें झांकण उतरविलें कीं जेवणाचें टेबल आणि दुसरी फळी आडवी टाकली कीं आईबापांचा पलंग. मुलें बांकावर निजत. एवढ्याशा जागेंतही त्या गृहिणी पितळेच्या मुठी लखलखीत ठेवीत आणि पाण्याच्या डब्यांवर गुलाबाचीं फुलें व किल्ले रंगवून घेत. दारिद्र्यांतही डोळ्यांस गोड दिसावें, ही ओढ सर्व देशांतील घरधनिणींस सारखीच असते.

लंडनाहून बर्मिंगहॅमच्या बाजूस माल घेऊन जावयाचें तर कित्येक दिवस लागत. घोडा ताशीं दोनतीन मैलांहून अधिक वेगानें जात नसे, आणि लॉक आला कीं थांबणें आलेंच. अशा संथ प्रवासांत मूल बापाजवळ उभें राहून शिकत असे. सुकाणूपर्यंत हात पोंचेना म्हणून त्याला खोक्यावर उभें करीत. पुढच्या वळणावर गाळ कोणत्या बाजूस आहे, पुलाखालीं नाव किती अलीकडून वळवावयाची, लॉकाचें दार उघडतांना पाय कोठें रोवावयाचा, हें सारें त्याला ठाऊक असे. परंतु त्या पुलावर कोरलेलें नांव मात्र त्याला वाचतां येत नसे! शाळेच्या बाबतींत या मुलांचा प्रकार असा होई कीं, नाव माल भरण्यास एखाद्या गांवीं दोन दिवस थांबली तर दोन दिवस शाळा. तिसऱ्या दिवशीं दोर सुटला कीं पाटी गुंडाळली. पुढच्या गांवच्या गुरुजींनीं पुन्हां पहिल्या धड्यापासून आरंभ करावयाचा. ज्यानें कधीं वर्ग चालविला आहे, त्यास या शिक्षणाची किंमत सांगावयास नको.

या मुलांची दाद घेणारा एक मनुष्य निघाला. लेस्टरशायरांतील कोलव्हिल येथला जॉर्ज स्मिथ हा लहानपणीं स्वतः विटांच्या भट्टीवर राबलेला. भट्टीवरील मुलांसाठीं त्यानें आधीं झगडा केला आणि नंतर नावांवरील मुलांकडे वळला. त्याच्या खटपटीनें १८७७ सालीं पार्लमेंटनें नावांविषयींचा कायदा केला. प्रत्येक नाव ही राहण्याची जागा म्हणून नोंदवावी, तींत किती माणसांनीं राहावें याची मर्यादा असावी आणि तींतील मुलांवर शाळेचा कायदा लागू व्हावा, असें ठरलें. १८८४ सालीं त्याला पुरवणी जोडून देखरेखीची तरतूद झाली. कायदा झाला, पण नाव तर चालतीच राहिली. आणि चालत्या मुलाला बसती शाळा कशी लाभावी, हें कोडें कायद्यानें सुटलें नाहीं. लंडनजवळ ब्रेंटफर्ड येथें १९०४ सालीं नावाड्यांसाठीं एक संस्था उघडली व तेथें मुलांस शिकविण्याची सोय झाली. अशा सोयी थोड्या आणि मुलें पांगलेलीं. अखेर तो धंदाच मोटारलॉऱ्यांपुढें टिकेना. १९६२-६३ च्या हिवाळ्यांत कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले, आणि त्यानंतर सरकारी मंडळानें आपली बहुतेक मालवाहतूक बंद केली. नावेवर जन्मलेलीं माणसें किनाऱ्यावर घरें करून राहिलीं.

परंतु नावा नाहींशा झाल्या नाहींत, ही या कथेंतील नवलाची गोष्ट. १९४४ सालीं एल. टी. सी. रोल्ट या लेखकाचें अशा नावेंतील प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध झालें. १९४६ सालीं कालवे वांचविण्यासाठीं एक मंडळ निघालें, आणि पुढें त्याच कालव्यांवर लोक हौसेनें हिंडूं लागले. आज तेथें सुटीमध्यें एखादा मुलगा आपल्या म्हाताऱ्या वडिलांस घेऊन आठवडाभर नावेंत राहतो. सुकाणू वडिलांच्या हातीं देतो, स्वतः खालीं उतरून लॉकाचीं दारें ढकलतो, संध्याकाळीं कांठास खुंटा ठोकून दोघें चहा पितात. वेग तोच, लॉक तेच, सात फुटांची खोलीही तीच. एकेकाळीं जी सक्ती होती, ती आज विश्रांति झाली आहे! फरक पडला तो एवढाच, कीं आतां त्यांस नावेवरून केव्हांही उतरतां येतें.

आतां बीड जिल्ह्यांतील त्या दुसऱ्या प्रवासाकडे वळावें. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज या बाजूंचा पुष्कळसा भाग डोंगराळ, कोरडवाहू. खरिपाचें पीक हातीं आलें न आलें तोंच दसरा-दिवाळी येते आणि मुकादम दारांत उभा राहतो. त्याच्याकडून उन्हाळ्यांतच उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं साखर कारखान्याच्या मुलखांत ऊस तोडावयास जावयाचें. या धंद्यांत माणसें मोजण्याची रीत विलक्षण आहे. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाची गणना हत्यारानें व्हावी, यांतच त्या जिण्याचें सारें वर्णन आलें. मूल कोणत्याच हिशेबांत धरीत नाहींत. पण तें असतें, आणि कामही करतें.

आज पुष्कळ टोळ्या ट्रकांतून अगर ट्रॅक्टरांतून रातोरात जातात, बैल व गाड्याही वाहनांत चढवितात. परंतु त्यापूर्वी हा प्रवास बैलगाडीनेंच होई. पाटोद्याकडून नगरवरून राहुरीकडे जावयाचें म्हणजे शेंसव्वाशें किलोमीटरांची मजल. बैलांची चाल ताशीं तीनचार किलोमीटर. दुपारीं झाडाखालीं सोडून, पाणी दाखवून, पुन्हां जुंपावयाचे. पांचसहा दिवस सहज लागत. त्या गाडीवर संसार लादलेला असे : ज्वारी-बाजरीचें पोतें, तवा, हांडा, घोंगडी, कोपीसाठीं बांबूचे तट्टे, कोंबड्यांचा खुराडा, आणि बाजूस बांधलेली शेळी. मागच्या बाजूस आई तान्ह्यास घेऊन बसलेली. पुढें जूं धरून बाप आणि त्याच्या मांडीला टेंकून आठदहा वर्षांचा मुलगा. इंग्लंडांतील नावेच्या खोलींत जेवढें सामान मावे, त्याहून हें अधिक नसे.

असा एखादा मुलगा डोळ्यांपुढें आणावा. पहिल्या दिवशीं तो हरखलेला असतो, कारण शाळा सुटली. दुसऱ्या दिवशीं त्याच्या ध्यानांत येतें कीं, घरीं न बोलणारा बाप वाटेनें बोलतो. कोणत्या ओढ्यांत वाळू रुतते, कोणत्या घाटांत बैलाच्या खुराची पत्री तपासावी, गाडीचा कणा कुरकुरला तर वंगण कोठें घालावें, कोणत्या गांवचा पाटील विहिरीवर पाणी भरूं देतो, हें बाप सांगत जातो. रात्रीं मुक्काम पडला कीं दहावीस गाड्या गोल उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात. बाप चांदण्या दाखवितो. पहाटेची चांदणी कोणती, ती उगवली कीं निघावयाचें. गरीबाच्या मुलाला बापाचा एवढा अखंड सहवास एरवीं कोठें मिळतो? या प्रवासाची ही कमाई खोटी नव्हे, आणि ती कोणी हलकी मानूं नये.

नगर मागें पडलें कीं मुळा-प्रवरेचा टापू लागतो. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्यानें हा सारा भाग हिरवा झाला. १९५० सालीं लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढें कारखान्यांची रांगच लागली. गाडी कालव्याच्या कांठानें चालूं लागते. कांठोकांठ भरून वाहणारें पाणी त्या मुलानें जन्मांत प्रथमच पाहिलेलें. तो विचारतो :

"बा, ह्ये पानी कुठं चाललंय?"

"उसाला."

"मंग आपल्या रानाला का येत न्हाई?"

बाप बैलांच्या पाठीवरून हात फिरवितो. "आपलं रान उंचाला हाय, पोरा. पानी उतार बघतं."

या उत्तरांत भूगोल आहे आणि त्याहून पुष्कळ अधिक आहे. पाणी उताराकडे जातें. आणि ज्याच्याकडे पाणी नाहीं तो माणूस पाण्याकडे जातो. कालवा स्थिर घराच्या माणसाचें शेत भिजवितो. त्याच्या कांठावर उतरतें तें फिरतें घर. कारखान्याच्या आसपास, पुष्कळदां कालव्यालगतच, पाचटाच्या व तट्ट्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि पांचसहा महिने तेंच गांव होतें. पहांटे अंधारांत आईबाप फडांत जातात. बाप तोडतो, आई मोळी बांधून डोक्यावरून गाडीकडे नेते. मुलगा धाकट्या बहिणीस सांभाळतो, कालव्यावरून पाणी आणतो, वाढ्याच्या पेंढ्या गोळा करतो. संध्याकाळीं भरलेली गाडी कारखान्याकडे निघते. दिवसभर राबलेला बाप गाडीवर डुलकी घेतो, बैल ओळखीच्या वाटेनें चालतात, आणि कासरा धरून जागा राहतो तो मुलगा. इंग्लंडांत खोक्यावर उभें राहून सुकाणू धरणारें मूल आणि कासरा धरून उसाच्या गाडीवर जागणारें हें मूल, दोघें एकाच इयत्तेंतले. त्या इयत्तेस वरचा वर्ग नाहीं.

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास गाडी परत गांवीं येते, तेव्हां शाळेंतील परीक्षा होऊन गेलेली असते. मुलगा पुन्हां त्याच वर्गांत बसतो, अगर बसत नाहीं. मुलीची गत याहून कठीण. तिला मागें एकटी कोणाच्या भरंवशावर ठेवावी या काळजीनें, आणि जोडप्यालाच पुरता कोयता गणतात या व्यवहारानें, तिचें लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो. अशा रीतीनें बापाचा कोयता लेकाच्या हातीं आणि आईची मोळी लेकीच्या डोक्यावर येते; उचल मात्र दोन्ही पिढ्यांची एकाच वहींत राहते.

महाराष्ट्रांत यावर उपाय झाले नाहींत असें नाहीं. कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. चालत्या मुलामागें शाळेनें जावें, ही त्यांमागची कल्पना. पुढें गांवांतच हंगामी वसतिगृहें सुरू झालीं. आईबाप गेले तरी मुलानें आजीजवळ राहावें, शाळेंत जेवावें व शिकावें, अशी त्यांत योजना. २०२१ सालीं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवें शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. मुलांसाठीं व मुलींसाठीं निरनिराळीं वसतिगृहें तींत योजिलीं असून बीड जिल्हा तींत प्रामुख्यानें आहे. हे सर्व उपाय स्वागतार्ह होत. परंतु त्यांची किंमत कोण देतें, हेंही पाहिलें पाहिजे. दिवाळीनंतर गाडी निघते, आणि वेशीपाशीं आजीचें बोट धरून उभें राहिलेलें मूल मागें पडतें. पुढील सहा महिने बापाचा हात त्याच्या पाठीवरून फिरणार नाहीं, आईच्या हातची भाकर मिळणार नाहीं. जाणाऱ्या मुलाची शाळा बुडते. राहणाऱ्या मुलाचे आईबाप दुरावतात. सुखवस्तु घरांतून जी निवड कोणासच करावी लागत नाहीं, ती या घरांतून दरसाल करावी लागते. आणि "हे लोक मुलांस शिकवीत नाहींत" असें म्हणणाऱ्यानें ती निवड एकदां स्वतःच्या उंबरठ्यावर उभी करून पाहावी.

बापानें मुलास शेजारीं बसवून मजल दरमजल जग दाखवावें, यासारखें शिक्षण दुसरें नाहीं. पण तें पोटासाठीं दिलें कीं गहाण पडतें, आणि उसंत असतांना दिलें कीं आयुष्यभराची शिदोरी होते. इंग्लंडांतील नावेचें जें झालें, तें बीडच्या गाडीचें व्हावयास काळ लागेल. उंचावरच्या रानांत पाणी मुरावें लागेल, दारापाशीं काम मिळावें लागेल, वहींतील उचल फिटावी लागेल, आणि आजीपाशीं राहिलेल्या मुलाची शाळा शेवटच्या इयत्तेपर्यंत चालावी लागेल. कोयत्याच्या घरांतून मास्तर, नर्स, पोलीस झालेलीं मुलें आज त्या जिल्ह्यांत दिसतात. तेव्हां हा कांहीं दिवास्वप्नाचा प्रकार नव्हे.

असा एखादा शिकलेला मुलगा कधीं सुटीच्या दिवसांत आपल्या थकलेल्या बापाला घेऊन त्याच वाटेनें जाईल. घाईचें कांहीं कारण नसल्यामुळें कालव्याच्या कांठावर थांबेल. आतां बाप विचारील, "ह्या पाटीवर काय लिवलंय रं?" आणि लेक वाचून दाखवील. वाट तीच, पाणीही तेंच. मात्र त्या दिवशीं त्या दोघांस तेथून मनास येईल तेव्हां घरीं परततां येईल.